व्यसनातून सावरणाऱ्या मुलाची शाळा: जुनी, नवी, होस्टेल की घरून परीक्षा?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सोळा वर्षांचा, तालुक्याच्या गावी अकरावी सायन्सला. दहावीच्या सुट्टीत गांजा सुरू झाला. पुढे संध्याकाळच्या क्लासमधल्या एका मुलाकडून एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) मिळायला लागलं. क्लास सुटला की टर्फवर (भाड्याने मिळणाऱ्या खेळाच्या मैदानावर) जमायचं आणि तिथेच घ्यायचं. ऑगस्टनंतर कॉलेज जवळजवळ बंदच होतं. मनोविकारतज्ज्ञांकडे भरती करून उपचार झाले, आता गोळ्या आणि आठवड्याचं समुपदेशन चालू आहे. घरी येऊन तीन आठवडे झालेत आणि डिसेंबर उजाडलाय. वडील म्हणतात सैनिकी शाळेच्या होस्टेलला टाकू, शिस्त लागेल. मामा म्हणतात आमच्याकडे गावाला पाठवा. आईला वाटतं की यंदा घरीच ठेवावा आणि पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, बारावी द्यावी. मुलाचं म्हणणं, मला माझ्याच कॉलेजात जायचंय. यातलं काय निवडावं, आणि माल देणाऱ्या मुलाविरुद्ध तक्रार करावी का, असं आई विचारते.

ताई, या चारही मतांमागे काळजी आहे. पण चौघंही एकाच गोष्टीबद्दल बोलताय: मुलाला ठेवायचं कुठे. मी यात आधी त्याच्या दिवसाचा हिशेब मांडते. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणता तास कोणाच्या नजरेखाली जाणार, कोणता तास मोकळा राहणार, येण्याजाण्याचा रस्ता कुठून आहे, हातात किती पैसे असणार, आणि डॉक्टरांची व समुपदेशकांची भेट न चुकता कशी होणार. पहिले सहा ते बारा महिने ज्या ठिकाणी उपचार तुटत नाहीत आणि बेवारशी तास कमीत कमी राहतात, ती जागा योग्य. बोर्ड कोणतं, माध्यम कोणतं, निकाल किती टक्के, हे सगळं त्यानंतर.

उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलतं, तेव्हा कशाकशाने बदलतं तेही सांगते. पदार्थ कोणता आणि किती काळ घेतला, हे पहिलं. पुरवठा नेमका कुठून होत होता, हे त्याहून महत्त्वाचं. सोबत नैराश्य, भास-संशय किंवा लहानपणापासूनचा अवधानाचा त्रास आहे का? घरात दुसरं कोणी पितं का? उपचार करणारे डॉक्टर घरापासून किती लांब आहेत? आणि मुलाची स्वतःची इच्छा काय आहे? ही शेवटची गोष्ट पालक बहुतेक वेळा हिशेबात धरत नाहीत. ज्या जागेला मुलाने होकार दिलेला असतो तिथे तो पहिले कठीण आठवडे सोसतो. ओढून नेलेल्या जागी पहिल्याच वाईट दिवशी पळवाट शोधतो.

आता तीन आठवड्यांचा प्रश्न. गांजा बंद केल्यावर चिडचिड, भूक न लागणं, घाम, अस्वस्थपणा हे साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. झोप आणि विचित्र स्वप्नं त्याहून जास्त दिवस त्रास देतात. एमडी सुटल्यावर उदासी, थकवा आणि कशातच रस न वाटणं आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतं. त्यात रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत टिकते. अशा मुलाला सकाळी साडेसातच्या फिजिक्सच्या तासाला बसवलं तर त्याला फळ्यावरचं काही कळत नाही, आणि ‘माझा मेंदू खराब झाला’ अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात लक्ष आणि स्मरण हळूहळू सुधारत असतं. म्हणून आज पूर्ण दिवस कॉलेज नको, पण सहा महिने घरात बसवणंही नको. गुंगी जास्त असेल तर गोळीची वेळ अलीकडे घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून गोळी कमी करू नका.

परत पाठवायची वेळ झाली हे ओळखायला मी काही साध्या गोष्टी बघते. दोन आठवडे ठरलेल्या वेळी झोपणं-उठणं जमतंय का. चाळीस मिनिटं एका बैठकीत पुस्तक घेऊन बसता येतं का. गेल्या चार-पाच भेटींपैकी एकही चुकली नाही ना. आणि रोख पैसे देऊन एकट्याला किराणा आणायला पाठवलं तर वेळेत आणि हिशेबानिशी परत येतो का. ही शेवटची परीक्षा पालकांना क्षुल्लक वाटते, पण कॉलेजला जाणं म्हणजे रोज नेमकं हेच करणं असतं. कोणी मागे लागलंय असं त्याला वाटत असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा जीव नकोसा झाल्याचं तो बोलत असेल, तर शाळेचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री कोणी मिळालं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

वडिलांच्या पर्यायाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण महाराष्ट्रात अशा घरांत पहिला विचार होस्टेलचाच होतो. होस्टेलमध्ये पहिलं तुटतं ते उपचारांचं सूत्र. आठवड्याला समुपदेशन आणि दर पंधरा दिवसांनी डॉक्टर, हे तिथल्या वेळापत्रकात बसत नाही. गोळ्या मुलाच्या पेटीत जातात. त्या तो घेतो की नाही हे कोणी बघत नाही, आणि झोपेची गोळी असेल तर ती खोलीतल्या दुसऱ्याला देतो. दुसरं, घसरण (पुन्हा व्यसनाकडे वळणं) लपते. घरी डोळे, झोप, जेवण, पैसे यांवरून आईला दोन दिवसांत शंका येते. साठ मुलांच्या डॉर्मिटरीत दोन महिने जातात. तिसरं, सापडल्यावर बहुतेक होस्टेलं पालकांना बोलावून सामान हातात देतात, तेही वर्षाच्या मध्यावर, जेव्हा दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. चौथी गोष्ट मुलाच्या मनातली: उपचार पुरे होताच मला घरातून काढलं, असा अर्थ तो लावतो. मैदानावरची शिस्त वाईट नाही. पहाटे उठणं आणि व्यायाम त्याला हवाच आहे. पण शिक्षेच्या धाकाने व्यसनाची ओढ थांबत नाही, ओढीबद्दल बोलणं तेवढं थांबतं. तसल्या कवायती घराजवळच्या कबड्डीच्या किंवा धावण्याच्या सरावात, एनसीसीत मिळतात.

होस्टेल योग्य ठरतं ती परिस्थिती वेगळी असते. घरात वडील किंवा भाऊ रोज पितात, मारहाण होते, किंवा शेजारच्या घरातूनच माल मिळतो. तिथेसुद्धा आधी नात्यातलं शांत घर आणि दिवसाची शाळा हा जोड शोधावा. होस्टेलच घ्यायचं झालं तर वॉर्डनला खरी माहिती हवी, गोळ्या वॉर्डनच्या कपाटात हव्यात, पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे नेण्याची लेखी मुभा हवी आणि आठवड्याला एक भेट हवी. यातल्या एकाला जरी नकार आला तर ते होस्टेल सोडा. लातूर, पुणे, कोटा इथल्या क्लासांसाठी कॉट बेसिसवर राहणं तर पहिली दोन वर्षं विचारातही घेऊ नका. तिथे संध्याकाळी सातनंतर मुलाला विचारणारं कोणी नसतं.

याच्याच जवळचा एक फसवा पर्याय म्हणजे ‘व्यसनमुक्ती केंद्र आणि शिक्षण एकत्र’ अशी जाहिरात करणाऱ्या जागा. अशा केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का ते आधी बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे अठराखालच्या मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं, पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहायचं असतं, आणि मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. ‘सहा महिने भेटायचं नाही’ असं जे केंद्र सांगतं, तिथे मूल ठेवू नये. आणि शिक्षणाबद्दल एकच विचारा: कोणत्या मंडळाची परीक्षा, कोणत्या केंद्रावरून? तिथेच बोलणं संपतं बहुतेक वेळा.

मामांचं गाव. जागा बदलल्याने जुनी टोळी तुटते, हे खरं. पण गावात डॉक्टर किती अंतरावर आहेत, मामा-मामी दिवसभर शेतात किंवा दुकानात असतात का, आणि मुलाचं वय लक्षात घेता तिथे त्याच्या बरोबरीचं कोण आहे, हे विचारा. गांजा गावात मिळत नाही असं समजू नका. सुट्टीतले पंधरा दिवस मामांकडे जरूर ठेवा. वर्षभराचा मुक्काम तिथे करायचा असेल तर ज्युनियर कॉलेज, समुपदेशक आणि नजर ठेवणारं माणूस, तिन्ही हवीत.

आता तुमचा स्वतःचा विचार, घरून परीक्षा. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पालक त्या एकच समजतात. १७ नंबरचा फॉर्म म्हणजे राज्य मंडळाची तीच बारावीची परीक्षा, खासगी विद्यार्थी म्हणून. त्यासाठी संपर्क केंद्र म्हणून एखादं मान्यताप्राप्त कनिष्ठ महाविद्यालय घ्यावं लागतं, शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करावा लागतो, आणि परीक्षा सगळ्यांच्याच वेळापत्रकाने होते. सायन्सच्या मुलाला यात प्रात्यक्षिकांची मोठी अडचण येते. हा मार्ग कला आणि वाणिज्य शाखेला सोयीचा पडतो.

दुसरी व्यवस्था राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच विषय घ्यायचे, पण सगळे एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. व्यसनातून उठणाऱ्या मुलासाठी ही सोय मोलाची आहे: पहिल्या खेपेला दोन विषय, पुढच्या खेपेला दोन, मग एक. मध्ये पुन्हा उपचार लागले तर वर्ष बुडालं असं होत नाही. प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं धरलं जातं. विषय निवडताना पुढे ज्या पदवीला किंवा प्रवेश परीक्षेला जायचंय तिची अट आधी वाचून घ्या. ती नंतर बघितली तर विषय चुकतात.

परीक्षेची सोय झाली तरी दिवसाचा प्रश्न उरतोच. घरून अभ्यास करणाऱ्या मुलाला दुपारी दोन ते सहा हे तास गिळतात. आई-वडील कामावर, फोन हातात, जुने मित्र एका मेसेजच्या अंतरावर. म्हणून घरून परीक्षा हा पर्याय घरात दिवसभर एक मोठं माणूस असेल तरच घ्यावा, आणि तेव्हाही दिवस बाहेरच्या ठिकाणांना बांधावा. सकाळी व्यायाम किंवा पोहणं, नऊ ते साडेअकरा अभ्यासिका, जेवण आणि थोडी विश्रांती, दोन ते चार एखादं हाताचं काम (संगणक दुरुस्ती, वायरिंग, सुतारकाम, जे आवडेल ते), पाचला खेळ, सातला घरी. रोज निदान तीन ठिकाणी त्याची कोणीतरी वाट बघत असलं पाहिजे, आणि तो आला नाही तर तुम्हाला फोन आला पाहिजे. ते जमणार नसेल तर अर्धवट चालणारं कॉलेजसुद्धा घरापेक्षा बरं.

मुलाच्या म्हणण्याकडे येते. जुनं कॉलेज सरसकट वाईट नसतं. पुरवठा करणारा किंवा सोबत घेणारा त्याच वर्गात, त्याच बसमध्ये असेल, तर तिथे परत पाठवू नये. ती माणसं, तो जिना, तो वास समोर आला की ओढ आपोआप जागी होते. त्यात मुलाचा दोष नसतो. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून माल क्लासमधून येत होता आणि घेणं टर्फवर चालायचं. म्हणजे तोडायचा आहे तो क्लास, संध्याकाळ आणि तो रस्ता. कॉलेजात त्याला ओळखणारे दोन-तीन बरे मित्र आणि एखादे शिक्षक असतील तर ती जमेची बाजू आहे. टोळीतला एखादा त्याच तुकडीत असेल तर तुकडी बदलून मागा.

नवीन शाळेबद्दल एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. डिसेंबरात एकटा येणारा नवा मुलगा वर्गातल्या जमलेल्या घोळक्यांत कुठेच बसत नाही. त्याला पहिल्यांदा जवळ करतात ते गेटबाहेर सिगारेट ओढणारे, कारण त्यांच्याकडे प्रवेश सोपा असतो. नवी जागा घ्यायची असेल तर तिथे त्याच्यासाठी आधीपासून एक दोरा हवा: फुटबॉलचा संघ, तबल्याचे गुरुजी, ओळखीचा मावसभाऊ, एनसीसी. आणि बदल शक्यतो जूनमध्ये करावा, तेव्हा सगळेच नवे असतात. छोट्या गावात तर कॉलेज बदलूनही तोच चौक आणि तोच व्हॉट्सॲप ग्रुप राहतो, हेही बघा.

शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसातून सुरुवात करू नका. मधल्या सुट्टीत आणि सुटल्यावर पंधरा मिनिटं गेटबाहेर उभ्या राहा. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. टपरी तिथेच असेल आणि गणवेशातली मुलं तिच्यामागे उभी असतील, तर त्या शाळेचं स्वतःच्या गेटबाहेर लक्ष नाही. हजेरी दिवसातून एकदा होते की प्रत्येक तासाला? गैरहजर मुलाच्या घरी फोन किती वाजता जातो? काही इंटिग्रेटेड (खासगी क्लासशी जोडलेल्या) कॉलेजांत हजेरी कागदावरच पूर्ण होते. तुमच्या मुलाला तसलं कॉलेज विषासारखं आहे. समुपदेशक आहे का, एवढंच विचारू नका. आठवड्यात किती दिवस येतात आणि मुलाला स्वतःहून भेटता येतं का, ते विचारा. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची अट आहे, पण पाटीवर नाव असणं आणि खुर्चीत माणूस असणं यांत फरक पडतो. मग प्राचार्यांना हा प्रश्न टाका: ‘तुमच्याकडे एखादं मूल असं काही घेताना सापडलं तर पहिल्या दिवशी काय करता?’ ‘दाखला हातात देतो’ हे उत्तर आलं तर आभार मानून निघा. ‘पालकांना बोलावतो, उपचाराला पाठवतो, परत आल्यावर अटी घालतो’ असं काही ऐकू आलं तर तिथे बसून बोलण्यात अर्थ आहे.

कोणाला किती सांगायचं? माझं मत, एका माणसाला सांगावं, आणि मुलाला विचारूनच. वर्गशिक्षक, उपप्राचार्य किंवा समुपदेशक, जो तोंडाचा पक्का असेल तो. स्टाफरूमला नाही, लिपिकाला नाही, पालकांच्या ग्रुपवर तर नाहीच. ऑफिसला जाणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर ‘वैद्यकीय उपचार चालू होते, अमुक तारखेपासून टप्प्याटप्प्याने हजर राहण्यास तंदुरुस्त’ एवढं पुरतं. निदान लिहिणं गरजेचं नाही, आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं २०१७ च्या कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मंडळाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरीची अट असते, म्हणून बारावीच्या वर्षात हे प्रमाणपत्र वेळेत पोचलं पाहिजे. त्या एका शिक्षकाकडे चार गोष्टी मागा: तो तासाला नसेल तर अकराच्या आत तुम्हाला फोन, तुमच्याशी बोलल्याशिवाय मधूनच बाहेर जायची परवानगी नको, पहिले काही आठवडे उशिरा येण्याची सवलत, आणि जर्नल (प्रयोगवही) पुरं करायला मदत. सायन्सच्या मुलांचं जर्नलच आधी रखडतं, आणि अपुऱ्या जर्नलच्या लाजेने ती प्रॅक्टिकलला जाणं बंद करतात. किमान कोणते प्रयोग पुरे करायचे, याची यादी शिक्षकांकडून लिहून घ्या आणि आठवड्याला दोन याप्रमाणे उरकू द्या.

कॉलेज बदलायचंच ठरलं तर क्रम चुकवू नका. आधी नव्या कॉलेजकडून प्रवेश द्यायला तयार असल्याचं लेखी घ्या, अकरावी-बारावीत शिक्षण खात्याची परवानगी लागते ती विचारा, आणि मगच जुन्या कॉलेजात दाखल्यासाठी अर्ज करा. रागाच्या भरात आधी दाखला काढलेली मुलं महिनोन्‌महिने कुठेच नसतात. दाखल्यावर सही होण्याआधी तो खिडकीपाशीच वाचा. तीन रकाने बघा: ‘वर्तणूक’, ‘शाळा सोडण्याचे कारण’ आणि ‘शेरा’. वर्तणूक ‘चांगली’, कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ आणि शेरा कोरा, असं व्हावं म्हणून अर्ज देण्याआधी प्राचार्यांना शांतपणे भेटा. सही-शिक्का झाल्यावर दुरुस्तीला फार धावपळ करावी लागते, आणि हा कागद पुढे वर्षानुवर्षं लागतो.

आता तुमच्या मुलाबद्दल. दिलेल्या माहितीवरून माझा कल असा: जानेवारीपासून त्याच कॉलेजात, अर्धा दिवस. पहिले दोन आठवडे रोज तीन तास, मग प्रॅक्टिकल जोडा, फेब्रुवारीत जमलं तर पूर्ण दिवस. क्लास पूर्ण बंद, आणि प्रवेश परीक्षांचा विषय वर्षभर घरात काढू नका. मार्च-एप्रिलची अकरावीची परीक्षा द्यायची, निकाल काय लागेल तो लागो. ही परीक्षा कॉलेज पातळीवरची आहे, त्यामुळे पास झाला की त्यातल्या गुणांनी पुढचं फारसं अडत नाही. जूनमध्ये पुन्हा बसून ठरवा. सायन्स झेपत नसेल किंवा ते मुळात वडिलांच्या आग्रहाने घेतलेलं असेल, तर कॉमर्सला किंवा आयटीआयला नव्याने सुरुवात. एक वर्ष मागे पडेल, पण सोळाव्या वर्षी ते भरून निघतं. कॉलेजात टोळीचा माणूस निघाला, किंवा फेब्रुवारीपर्यंत तो आठवड्यात तीन दिवसही टिकला नाही, तर जूनपासून एनआयओएस आणि वर सांगितलेला बांधलेला दिवस. होस्टेल नको. आणि वडिलांना शिस्तीचं काम द्यायचंच असेल तर सकाळी सहाला मुलासोबत मैदानावर त्यांनीच जावं. त्याचा उपयोग मोठा होतो.

पैसे आणि फोन यांचे नियम कॉलेजच्या पहिल्या दिवसाआधी ठरवा. बसचा पास आणि वर तीस-चाळीस रुपये रोख. यूपीआय त्याच्या फोनवर नको. फी, झेरॉक्स, जर्नल यांचे पैसे तुम्ही थेट भरा. कॅल्क्युलेटर, पुस्तकं, इअरफोन ‘हरवायला’ लागले तर विचारपूस करा. जुना नंबर बदलणं हे फोन काढून घेण्यापेक्षा जास्त कामाचं ठरतं.

लघवीच्या तपासणीवरून घराघरांत भांडणं होतात, म्हणून एवढं लक्षात ठेवा. रोज गांजा ओढणाऱ्याची तपासणी शेवटच्या वापरानंतर महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा पंधराव्या दिवशीचा निकाल म्हणजे त्याने पुन्हा घेतलं असं नाही. एमडी मात्र दुकानातल्या साध्या किटवर बरेचदा सापडतच नाही, आणि व्हाइटनर-थिनरसारखे हुंगायचे पदार्थ तर त्यात दिसतच नाहीत. तपासणी कधी आणि कोणती, हे डॉक्टरांनी ठरवावं. शाळेने ती करू नये, आणि शाळेला निकालही कळवू नये.

अभ्यासात तो लहानपणापासून मागे असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, एका जागी बसवत नसेल, तर अध्ययन अक्षमता किंवा अवधानाच्या त्रासाची तपासणी करून घ्या. पण ती झोप आणि गोळ्या स्थिरावल्यावर, काही महिन्यांनी. आत्ता केलेल्या चाचणीत उपचारांची गुंगीच मोजली जाईल. अध्ययन अक्षमतेचं निदान पक्कं झालं तर मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, आणि वर्गात रोज हरण्याचं एक कारण कमी होतं.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा मुलांसाठी ‘रिकव्हरी हायस्कूल’ नावाच्या छोट्या शाळा निघाल्या. तिथे सगळेच विद्यार्थी व्यसनातून सावरणारे असतात आणि अभ्यासासोबत रोज गटात बोलणं होतं. आपल्याकडे शाळेची तशी रचना नाही, पण त्यातला गाभा उचलता येतो: व्यसन सोडलेल्या बरोबरीच्यांची सोबत. पुण्या-मुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या (व्यसन सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या) सभा भरतात. तालुक्याच्या गावी समुपदेशकांना तरुणांच्या गटाबद्दल विचारा. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हे काम चालतं, तिथेही मार्गदर्शन मिळू शकेल. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे.

आणि घसरण. ती झाली तर काय करायचं हे आजच, मुलासमोर बसून कागदावर लिहा. पहिला फोन समुपदेशकांना, अठ्ठेचाळीस तासांत डॉक्टरांची भेट, दोन-तीन दिवस घरी, मग पुन्हा अर्ध्या दिवसापासून कॉलेज. त्या शिक्षकांना सांगायचं का, हेही आत्ताच ठरवा. कॉलेज बंद करण्याची धमकी त्या कागदावर नको. ती असेल तर पहिली घसरण तो तुम्हाला सांगणार नाही, आणि कळेल तेव्हा दहावी घसरण झालेली असेल. कठीण दिवसांवर खूण करून ठेवा: कॉलेजचं गॅदरिंग, ३१ डिसेंबर, निकालाची संध्याकाळ, दहीहंडी, गणपतीतल्या मंडळाच्या रात्री. त्या दिवशी तो कोणासोबत असेल आणि किती वाजता घरी येईल, हे आठवडाभर आधी बोलून घ्या.

माल देणाऱ्या मुलाविरुद्ध तक्रार करावी का, असंही तुम्ही विचारलंय. अल्पवयीन मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण देणारा स्वतः अठराखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं, आणि तुमच्या मुलाला जबाबासाठी उभं राहावं लागेल. आत्ताच्या तीन आठवड्यांत तो ते पेलेल असं मला वाटत नाही. आधी वकिलांशी आणि डॉक्टरांशी बोला. तोवर त्याच्या फोनमधले मेसेज पुसू नका, आणि त्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नका. ३१ डिसेंबर जवळ आलाय, तेव्हा पुढची डॉक्टरांची तारीख त्याआधीची मिळते का बघा, आणि जाताना कॉलेजचं वेळापत्रक सोबत न्या. गोळ्यांच्या वेळा त्यावरून बसवता येतील.